रक्त पिणारं पिशाच, चुडैल आणि मनाचा आजार: गावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या उपकेंद्रांवर मी सव्वीस वर्षं नर्सबाई होते. वैनगंगेच्या काठची ही धानाची गावं. निवृत्त झाल्यावर महिन्यातून एकदा वाचनालयात बसते आणि कोणी काही विचारलं तर सांगते. पोरं मोबाईलवरचा व्हॅम्पायर घेऊन येतात, म्हाताऱ्या चुडैल घेऊन येतात, आणि एखादी आई सगळे गेल्यावर हळूच विचारते, "बाई, माझ्या पोरीले काय झालं असंन?" तिघांचा प्रश्न एकच आहे, असं मला पुष्कळ उशिरा कळलं. तेच प्रश्न इथे लिहिले आहेत.

व्हॅम्पायर म्हणजे आपली चुडैलच का?

नाही, पण भावकी जवळची आहे. युरोपातला व्हॅम्पायर म्हणजे पुरलेलं प्रेत. ते रात्री उठतं आणि जित्या माणसाचं रक्त पिऊन ताजंतवानं राहतं. आपली चुडैल किंवा हडळ ही बहुतेक गोष्टींत बाळंतपणात मेलेली बाई असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वेताळ आणखी वेगळा. तो प्रेतात शिरतो, झाडाला लटकतो, पण विक्रमाच्या खांद्यावर बसून पंचवीस गोष्टी सांगताना तो रक्त मागत नाही, न्यायाचे कोडे घालतो. रिचर्ड बर्टननं १८७० साली या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि शीर्षकात वेताळाचा व्हॅम्पायर करून टाकला. कोकणात तर वेताळ गावाची राखण करणारा देव आहे.

रक्त पिण्याच्या गोष्टी आपल्याकडे कमी नाहीत. भीमानं दुःशासनाचं रक्त प्यायलं ते प्रतिज्ञेपायी. रक्तबीजाचा थेंब जमिनीवर पडला की नवा राक्षस उभा राहायचा, म्हणून कालीनं तो थेंब वरच्यावर जिभेवर झेलला. या दोघांना कोणी वेडं म्हटलं नाही. रक्त पिणाऱ्याला आजारी समजायचं ही कल्पना अलीकडची आणि बाहेरची आहे.

मग पिशाच आणि मनोरुग्ण यांची जोडी कुठे जमली?

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' या १८९७ सालच्या कादंबरीत. त्यात रेनफिल्ड नावाचा एक माणूस डॉक्टर सेवर्ड यांच्या वेड्यांच्या इस्पितळात आहे. तो साखर टाकून माश्या धरतो, माश्या कोळ्यांना घालतो, कोळी चिमण्यांना घालतो, मग मांजरीचं पिल्लू द्या म्हणून गयावया करतो. पिल्लू मिळत नाही, तेव्हा चिमण्या स्वतःच कच्च्या खातो. जितके जीव पोटात जातील तितकं आपलं आयुष्य वाढेल, असा त्याचा हिशेब असतो.

मला या पुस्तकात सगळ्यात जास्त कणव त्याचीच येते. डॉक्टर त्याच्या प्रत्येक माशीची नोंद ठेवतो, आणि हा प्रयोग पुढे नेऊन पाहावा असा मोह त्या डॉक्टरलाच होतो. शेवटी हाच रेनफिल्ड एका बाईला वाचवायला ड्रॅक्युलाच्या आडवा येतो आणि मरतो. पण लोकांच्या डोक्यात उरला तो माश्या खाणारा वेडा.

'रेनफिल्ड सिंड्रोम' नावाचा आजार खरंच आहे का?

पोरं हे नाव मोबाईलवर वाचून येतात, म्हणून नीट सांगते. हे नाव रिचर्ड नॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९९२ साली काढलं, तेही बऱ्याच अंशी थट्टेनं. आजारांना नवनवी नावं देण्याच्या सवयीची त्याला टर उडवायची होती. लोकांनी ते खरं धरलं. डॉक्टर ज्या दोन मोठ्या याद्यांवरून मनाच्या आजारांचं निदान करतात, जागतिक आरोग्य संघटनेची आणि अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांची, त्या दोन्हींत हा आजार नाही.

रक्ताची ओढ असलेल्या रुग्णांबद्दल डॉक्टरांनी त्याआधीही लिहिलं होतं. १९६४ साली अमेरिकेत आणि १९८३ साली दक्षिण आफ्रिकेत वैद्यकीय नियतकालिकांत असे लेख आले. पण ही जगभरातून वेचलेली मोजकी माणसं. सव्वीस वर्षांत माझ्या समोर असा एकही रुग्ण आला नाही.

कोणाला खरंच रक्त प्यावंसं वाटत असेल तर त्याला काय झालेलं असतं?

एकच उत्तर नाही. काहींना तीव्र मानसिक आजार असतो, बहुधा स्किझोफ्रेनिया. त्यात माणसाच्या मनात एक खोटी गोष्ट इतकी घट्ट बसते की समजावून निघत नाही. अमेरिकेतला रिचर्ड चेस हा त्यातला. आपलं रक्त सुकून त्याची भुकटी होत आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. आधी त्यानं जनावरांचं रक्त घेतलं, तेव्हा त्याला इस्पितळातही ठेवलं होतं. तिथून तो सुटला, औषधं सुटली, आणि १९७७ च्या डिसेंबरपासून महिन्याभरात त्यानं सहा जणांचा जीव घेतला. वर्तमानपत्रांनी त्याला व्हॅम्पायर म्हटलं. मला त्या हकिगतीत 'औषधं सुटली' हे दोन शब्दच दिसतात.

दुसरी जात वेगळी. जर्मनीतला खुनी पीटर क्यूर्टन, ज्याचा १९३१ साली गिलोटिनवर शिरच्छेद झाला, त्याला डॉक्टरांनी तपासून वेडा नाही असं ठरवलं होतं. इंग्लंडमधल्या जॉन हेगनं १९४९ साली पकडल्यावर सांगितलं की मी बळींचं रक्त प्यायचो. वेडा ठरलो तर फाशी टळेल हा डाव. ज्यूरीनं मानलं नाही. क्रौर्य म्हणजे आजार नव्हे, आणि आजार म्हणजे क्रौर्य नव्हे. या दोन गोष्टींची गाठ मारली की मार खातो तो आजारी माणूस.

मनोरुग्ण माणूस अंगावर धावून येतो का?

बहुतेक नाही. बहुतेक आजारी माणसं घाबरलेली असतात, कोपऱ्यात बसतात, जेवत नाहीत. ती मारतात त्यापेक्षा किती तरी जास्त वेळा मार खातात. दारू, तुटलेला उपचार आणि 'कोणी मला मारायला टपलंय' ही भीती एकत्र आली तर मात्र धोका असतो. अशा वेळी हुज्जत घालू नका, विळा-कुऱ्हाड नजरेआड करा, दोन माणसं बोलवा आणि १०८ ला फोन लावा.

बाळंतीण झोपत नाही, बडबडते, लेकरू माझं नाही म्हणते, चावते. हे बाहेरचं आहे का?

हे आजारपण आहे, आणि ते दवाखान्याचं तातडीचं काम आहे. याला बाळंतपणानंतरचा सायकोसिस म्हणतात. हजार बाळंतपणांत एक-दोन बायांना होतो. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. आधी झोप जाते. मग बोलणं भरकटतं, एका घडीला हसू, एका घडीला रडू. लेकरू बदललं, लेकरात काही तरी शिरलं, कोणी तरी कानात सांगतंय, असं ती बोलू लागते. अशा वेळी ती स्वतःच्या किंवा लेकराच्या जिवाला अपाय करू शकते, म्हणून दोघांना एक रात्रही एकटं ठेवायचं नाही. औषधानं बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. मनाच्या इतक्या मोठ्या आजारांत इतका चांगला गुण येणारा दुसरा क्वचितच असेल.

आता माझ्या मावशीचं सांगते. मी चौदा वर्षांची होते. मावशीला नदीपलीकडच्या गावात दिलं होतं. पहिला मुलगा झाला, पाचवी पुजली, सटवाईला दिवा लावला. नवव्या दिवसापासून तिनं झोपणं सोडलं. रात्रभर अंगणात फेऱ्या. सासू हात धरून आत ओढायला गेली तर मावशी तिच्या मनगटाला कडाडून चावली. मी आजोबांसोबत पोचले तेव्हा शेजारीण हेच सांगत होती: "ओठाले रक्त लागलं होतं जी, आणि ते पुसतही नव्हती." तेवढं पाहिलं आणि गावानं नाव ठेवलं, चुडैल आली.

लेकरू जावेच्या हवाली केलं. मावशीला गोठ्याच्या खांबाला दोरानं बांधलं. तव्यावर मिरच्या टाकून धुरी दिली. तिची छाती दुधानं दाटून दगड झाली होती, पोलकं ओलं, आणि ती खोकत खोकत एकच विचारत होती, "बाळ प्यालं का?" जी स्वतःचं दूध वाहून जाताना लेकराची चौकशी करत होती तिला ते रक्तपिती म्हणत होते. आजोबांनी दोर कापला, बैलबंडीत गवत घालून तिला निजवलं, आणि दुसऱ्या दिवशी एस. टी. नं नागपूरला नेलं. तीन आठवड्यांनी ती घरी आली. पुन्हा कधी कोणाला चावली नाही.

चुडैल बाळंतपणात मेलेली बाई असते हे वर लिहिलं ते यासाठी. बाळंतिणीला काही झालं की गोष्ट आधीच तयार असते, फक्त बाई त्यात बसवायची.

एकदा हा आजार झाला असेल तर पुढच्या खेपेला पुन्हा होऊ शकतो. पोटुशी राहिल्याबरोबर आशाताईला आणि डॉक्टरला सांगून ठेवा.

रात्री छातीवर कोणी बसतं, हलता येत नाही, ओरडता येत नाही. कोणी रक्त पीत असेल का?

नाही. झोपेचा एक टप्पा असतो, ज्यात आपण स्वप्नं पाहतो. त्या वेळी शरीर हातपाय सैल सोडून देतं, म्हणजे स्वप्नात पळताना आपण खरोखर पळू नये. कधी कधी डोळे आधी उघडतात आणि अंग मागाहून जागं होतं. ती मधली घडी फार भयंकर. छाती दडपते, खोलीत कोणी तरी आहे अशी खात्री वाटते, कधी सावलीही दिसते. काही सेकंद, फार तर दोन-चार मिनिटं, आणि मग सुटका.

आमच्याकडे हे सांगायला सगळ्यात जास्त कोण येतं? जागलीला जाणारे. रानडुकरांपासून धान राखायला रात्र रात्र मचाणावर काढायची आणि दिवसा दोन तास उताणं पडायचं. झोप तुटली, ताण वाढला, उताणं झोपलं की हे जास्त होतं. कुशीवर झोपा, जागलीची पाळी वाटून घ्या. वेड लागण्याची ही सुरुवात नाही.

लेकरू दिवसेंदिवस पांढरं पडत चाललं. म्हणतात, रात्री कोणी रक्त शोषते.

रक्त खरंच कमी होत आहे. ते नेणारं शोधायचं तर तपासणीत शोधा. आमच्या भागात पहिला संशय सिकलसेलचा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, सगळीकडे हा आजार आहे. यात रक्ताच्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, लवकर फुटतात, बारीक नसांत अडकतात. म्हणून लेकरू पांढरं, डोळे पिवळे, सांधे ठणकतात, तान्ह्याचे हातपाय सुजतात. दुखणं एकाएकी, बहुधा रात्री-बेरात्री, थंडीत किंवा ताप आल्यावर उसळतं, आणि तितक्याच अचानक उतरतं. घरच्यांना वाटतं, कोणी आलं आणि गेलं.

आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात लेकराला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एकाच घरातली दोन लेकरं आजारी आणि दोन धडधाकट, असं दिसतं ते यामुळे, शेजारणीच्या नजरेमुळे नाही. पहिली चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, पक्की चाचणी जिल्ह्याला. हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या गोळीनं दुखण्याचे झटके कमी होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल दिव्यांगत्वाच्या यादीत आहे, त्याचं प्रमाणपत्र काढून घ्या.

सिकलसेल नसेल तर पोटातले हुकवर्म जंत. ते आतड्याला चिकटून खरोखर रक्त पितात. अनवाणी पायांतून शिरतात. चप्पल, शौचालय आणि जंताची गोळी, एवढ्यावर ते हटतात.

मेळघाटात आजारी लेकराच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. ज्याचं रक्त आधीच कमी, त्याच्या अंगावर वरून जखम करायची. हे लिहितानाही हात थांबतो.

परदेशात शिकलेले लोकही असं मानायचे का?

मानायचे, आणि थडगी उकरायचे. १७३२ साली सर्बियातल्या एका गावात सैन्याच्या डॉक्टरांनी प्रेतं उकरून अहवाल लिहिला: तोंडाशी ताजं रक्त, नखं वाढलेली, अंग फुगलेलं. कुजण्याच्या क्रियेत पोटात वायू धरतो, फुप्फुसातलं पातळ रक्त तोंडाशी येतं, कातडी आकसून नखं लांब दिसतात. यात पिशाच काही नाही. ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसानं १७५५ साली आपला वैद्य व्हान स्वीटेन याच्याकडून या प्रकरणांची तपासणी करवली आणि प्रेतं उकरण्यावर बंदी घातली.

अमेरिकेतली गोष्ट अधिक जवळची वाटते. १८९२ साली ऱ्होड आयलंडमधल्या एक्झेटर गावात ब्राऊन कुटुंबातली आई गेली, मोठी मुलगी गेली, मग मर्सी गेली, आणि मुलगा एडविन खोकत होता. गाव म्हणालं, मेलेल्यांपैकी कोणी तरी त्याचं रक्त पितं. मर्सीचं प्रेत उकरलं. ऐन हिवाळ्यातलं प्रेत, म्हणून ताजं. काळीज जाळून राख एडविनला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. तो क्षय होता. क्षयाचा जंतू त्याच्या दहा वर्षं आधीच, १८८२ साली, रॉबर्ट कॉखनं दाखवला होता. ज्ञान होतं, गावापर्यंत आलं नव्हतं. आपल्याकडे एका घरात एकामागून एक खोकून गेलेली माणसं आणि त्यापायी करणीचा आळ आलेली शेजारीण मी स्वतः पाहिली आहे.

कुत्रा चावल्यावर माणूस पिसाळतो, चावायला धावतो. तेच तर पिशाच नव्हे?

स्पेनमधल्या गोमेझ-अलोन्सो या मेंदूतज्ज्ञानं १९९८ साली हेच सुचवलं की व्हॅम्पायरच्या दंतकथेमागे रेबीज असावा. साम्य आहे: पाण्याचं भय, वाऱ्याच्या झुळकेनं घशाला आचके, झोप उडणं, प्रकाशाचा त्रास, कधी चावणं. सगळ्या दंतकथेचा उगम त्यात आहे असं मी म्हणणार नाही.

आपल्या कामाचं एवढंच की लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजचा रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि आधी लस घेतली तर जवळजवळ नक्की वाचतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची भरू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. जखम खोल असेल तर लसीसोबत जखमेत वेगळं औषधही टोचावं लागतं, ते मागा. लसीची एकही तारीख चुकवू नका. मंत्रानं उतरवून देतो म्हणून कोणी दवाखान्यात जाण्यापासून अडवत असेल तर तो गुन्हा आहे.

उन्हाला घाबरणारे लोक असतात, त्यांचं काय?

पोर्फिरिया नावाच्या दुर्मिळ आजाराच्या काही प्रकारांत उन्हानं कातडी भाजते. १९८५ साली एका शास्त्रज्ञानं त्याचा व्हॅम्पायरशी संबंध जोडला, तो टिकला नाही. प्यायलेलं रक्त पोटात पचून जातं, त्यानं या आजारात काही फरक पडत नाही. त्या रुग्णांच्या माथी मात्र फुकट बदनामी आली. शिवाय जुन्या गोष्टींतला व्हॅम्पायर उन्हानं मरतच नव्हता. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा हिंडतो. उन्हानं मरण ही १९२२ सालच्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटाची देणगी.

पण उन्हाची एक खरी गोष्ट आमच्यासाठी फार महत्त्वाची. मनाच्या आजारावरच्या क्लोरप्रोमाझिनसारख्या गोळ्यांनी कातडी उन्हाला हळवी होते. अशा काही गोळ्यांनी अंगाची उष्णता बाहेर टाकायची ताकदही कमी होते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या वर. लिथियम नावाची मनाच्या आजारावरची गोळी घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर गोळीच विषासारखी बाधू शकते. म्हणून गोळ्या घेणारा माणूस दुपारी तेंदूपत्ता तोडायला जात नसेल, सावलीला बसत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. दुपट्टा आणि पाण्याची बाटली द्या.

वटवाघूळ रक्त पितं का?

आपलं नाही. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या फक्त तीन जाती आहेत आणि त्या मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेत राहतात. वडावर लटकणारी आपली मोठी वटवाघळं फळं खातात.

बाई माती खाते, पोरगी पाटीवरची पेन्सिल खाते. हे त्यातलंच का?

रक्तात लोह कमी झालं की अशी खाण्याजोगी नसलेली वस्तू खावीशी वाटते. चुलीची भाजकी माती, खडू, कच्चे तांदूळ. हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या द्या. बऱ्याच जणींची ओढ काही आठवड्यांत आपोआप जाते.

बोकडाची रक्ती खाणं, अंगात येणं, हेही आजार?

रक्ती हा शिजवलेला पदार्थ आहे, आवडेल त्यानं खावा. अंगात येणं सणावारी, ठरल्या वेळी होत असेल आणि ती बाई दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी धानाच्या रोवणीला जात असेल, तर तिच्यामागे लागू नका. रोज होऊ लागलं, कामधाम सुटलं, झोप गेली, तर दाखवा. तिच्या मनात कुठलं तरी दुःख दाटलेलं असतं आणि ते सांगायला तिच्याकडे दुसरा रस्ता नसतो.

पोट्टा मोबाईल पाहून सुळे लावून हिंडतो. काळजी करायची का?

सुळ्यांची नाही. त्याच्या बाह्या पाहा. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत असेल आणि मनगटावर ब्लेडच्या बारीक रेघा असतील, तर तो स्वतःला कापून घेत आहे. काही मुलं ते रक्त तोंडाला लावतात. त्यात पिशाच नसतं, मनातली कळ सोसवत नसते. मारू नका, रेघांची शपथ घालू नका. "किती दिवसांपासून दुखते?" एवढं विचारा आणि तो बोलेपर्यंत बसा. मित्रांमध्ये शौक म्हणून एकमेकांचं रक्त चाखणं मात्र थांबवाच. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही त्यातून लागू शकतात.

एक म्हातारी रात्री गावात फिरते, स्वतःशी बोलते. लोक चेटकीण म्हणतात.

तिला बहुधा स्मृतिभ्रंश आहे. या आजारात दिवस मावळला की घालमेल वाढते, घर परकं वाटतं, ती माहेरी जायला निघते. तिचं माहेर तीस वर्षांपूर्वी मोडलेलं असतं. एकटी, विधवा, जिच्या नावावर दोन एकर आहेत अशी असेल तर चेटकीण हे नाव आणखी लवकर चिकटतं. जमिनीचा सातबारा पाहिल्याशिवाय अशा अफवेवर मी विश्वास ठेवत नाही.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला. अमुक माणूस करणी करतो, मंत्रानं जनावराचं दूध आटवतो असं पसरवणं, भूत उतरवण्यासाठी बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, हे सगळं त्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. जामीन सहज मिळत नाही.

आजारी माणूस पळून जातो. साखळीनं बांधू नये तर काय करावं?

साखळीनं बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बंद केलं आहे. पण बांधणाऱ्या आईला मी दोष देत नाही. दिवसभर मजुरीला जायचं, मागे पोरगा विहिरीत उडी घेईल ही धास्ती. तिला शिव्या देऊन साखळी सुटत नाही, औषध नियमित मिळालं की सुटते.

न्यायचं कुठे?

आधी १४४१६ वर फोन करा. ही 'टेली मानस' सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, रात्रंदिवस, मराठीत. मग प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग. फारच बिघडलं असेल तर नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. राज्यात अशी चारच आहेत, बाकीची ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीला. नागपूरच्या नावानं लोक 'पागलखाना' म्हणून घाबरतात. माझी मावशी तिथूनच घरी आली.

जाताना लिहून न्या: झोप कधीपासून गेली, काय बोलतो, दारू किती, घरात आधी कोणाला होतं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरकडे वेळ कमी असतो, चिठ्ठी असली की काम होतं.

गोळी सुरू केली आणि मान वाकडी झाली, डोळे वर गेले. भूत गोळीले मानत नाही म्हणतात.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. विशीतला पोरगा, गोळ्यांचा तिसरा दिवस. मान एका खांद्याकडे पिळलेली, बुबुळं वर चढलेली, जीभ बाहेर. अंगणात साठ माणसं आणि नारळ फोडायची तयारी. तो गोळीचाच दुष्परिणाम होता, स्नायू आखडण्याचा. आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी एक फेनारगनचं इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात मान सरळ. पोरगा म्हणाला, "बाई, मले सगळं ऐकू येत होतं."

असं झालं तर गोळी आपल्या मनानं बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मात्रा कमी करता येते, सोबत दुसरी गोळी देता येते. लाळ गळणं, हात थरथरणं, चेहरा दगडासारखा होणं, हेही बहुधा औषधाचंच. सांगितलं तर त्यावर उपाय आहे.

पुजाऱ्याकडे अजिबात जायचं नाही का?

देवाला नारळ ठेवा, अंगारा लावा, मी कोणाला अडवलं नाही. आमच्याकडच्या एका पुजाऱ्याशी मी बोलून ठेवलं होतं. तो दोरा बांधायचा आणि म्हणायचा, "आता बाईची गोळी घेतली नाही तर दोरा लागू पडत नाही." त्याच्यामुळे कित्येक जण दवाखान्यात आले. जो मारतो, उपाशी ठेवतो, गोळी फेकायला लावतो, त्याच्या दारात जाऊ नका.

झाडीपट्टीच्या नाटकात चुडैल दाखवूच नये, असं म्हणणं आहे का?

नाही. दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या जत्रेला, रात्रभर नाटक पाहणं हे आमचं सुख आहे, आणि भीतीची गोष्ट लोकांना हवी असते. माझं मागणं लहान आहे. नाटकात बाई केस सोडून, डोळे फिरवून चावायला येते तेव्हा तो अभिनय कोणावरून उचललेला असतो? गावातल्याच एखाद्या आजारी बाईवरून. मांडवात पुढे बसलेली तिची मुलगी ते ओळखते. चुडैल दाखवा, तिचे पाय उलटे करा, तिला झाडावर बसवा. पण तिला गोळ्या खाणाऱ्या माणसाची चाल देऊ नका.

बरं झाल्यावर गाव विसरतं का?

माझी मावशी आता सत्तरीत आहे. ज्याच्या वेळी तिला बांधलं तो मुलगा चाळिशी ओलांडून पुढे गेला, त्याच्या मुलीलाही मुलगी झाली. परवाच्या उन्हाळ्यात पणतीचं बारसं होतं. बाया एकेक करून बाळ मांडीवर घेत होत्या. मावशीची पाळी आली तेव्हा पलीकडच्या घरच्या विहीणबाई बाळ हातात घेऊन क्षणभर थांबल्या. अगदी क्षणभर. मावशीनं ते पाहिलं. तिनं हात पुढे केलेच नाहीत, पदर सारखा केला आणि म्हणाली, "राहू द्या बाई, माझे हात थंडे आहेत."

मे महिना होता.